अर्ध्या वाक्याचं गाऱ्हाणं

श्रावणात अर्धांगाच्या झटक्यानं आप्पांची जीभ गेली आणि घराचा कारभार माझ्या गळ्यात पडला, तेव्हा पुढारीपणाची माझी सगळी तयारी दोन वस्तूंवर उभी होती. एक पितळी शिट्टी आणि एक पुस्तक. शिट्टी नवी होती. पुस्तकाची पहिली पानं गेलेली होती, त्यामुळे त्याचं नाव काय आणि ते कुणी लिहिलं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी तेव्हा बेळगावच्या लष्करी कॅम्पात एका पारशी व्यापाऱ्याच्या दुकानात कारकून होतो. एखाद्या गोऱ्या साहेबाची बदली झाली की त्याचं सामान लिलावात निघायचं. अशाच एका मोडक्या पेटाऱ्याच्या तळाशी ते पुस्तक मिळालं. हुकूम कसा द्यावा, विश्वास कसा मिळवावा, पुढाऱ्यानं स्वतःला कोणत्या सवयी लावून घ्याव्यात, असं सगळं त्यात होतं. मधूनमधून घोड्यांचा उल्लेख फार यायचा. ती साहेबांची लिहायची तऱ्हा असेल असं समजून 'घोडा' हा शब्द आला की मी मनातल्या मनात 'भाऊबंद' असं वाचायचो आणि पुढे जायचो. ते पुस्तक घोडदळात नव्यानं आलेल्या अधिकाऱ्यांसाठी होतं आणि त्यातला निम्म्याहून जास्त मजकूर खरोखरच घोड्यांबद्दल होता, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. तोवर आमच्या भाऊबंदांना मी बराच खरारा केला होता.

ते दिवसच तसे होते. छत्तीस साल संपत आलं होतं, निवडणुका तोंडावर होत्या आणि बेळगावात ज्याला त्याला पुढारी व्हायचं होतं. हिंडलग्याच्या तुरुंगात राहून आलेल्या माणसाला चार लोकांत मानाची जागा मिळायची. आमचं घर त्या तुरुंगापासून हाकेच्या अंतरावर होतं, पण आत जाऊन यायची छाती माझ्यात नव्हती. नुसतं शेजारी राहून पुढारी होता येतं का, हे मी बघत होतो.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते, यल्लाप्पा. माझा बाप मी लहान असतानाच गेला. तेव्हापासून मला आणि त्यांच्या स्वतःच्या मुलाला, भावकूअण्णाला, त्यांनी एकाच ताटात जेवू घातलं. आप्पांच्या बायकोनं, बाळाकाकीनं, कधी दुजाभाव केला नाही. अण्णा माझ्याहून मोठा, शेतात राबणारा, तालमीच्या मातीत वाढलेला. कारभार त्याच्याकडे जाणार हे सगळे धरूनच चालले होते. पण गेल्या सुगीला, जीभ धड असताना, आप्पांनी सगळ्यांसमक्ष सांगून टाकलं होतं, "फुडल्या सालचं गाऱ्हाणं परशा घालंल." घरात मॅट्रिक झालेला मी एकटा, तेव्हा गुणांची पारख झाली असं मी समजलो. अण्णानं घोंगडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि चालायला लागला.

आमच्या घराण्यात गाऱ्हाणं घालतो तोच कारभारी. सुगी आटपली की सगळी माणसं शेताच्या कडेला असलेल्या भरमदेवापुढे उभी राहतात. कारभारी घरातलं बरंवाईट देवाला सांगतो, काय हवं ते मागतो, आणि त्याच्या प्रत्येक बोलण्यामागे बाकीचे एका तोंडानं "व्हय म्हाराजा" म्हणतात. शेवटच्या 'व्हय'ला नारळ फुटतो. नारळ फुटला म्हणजे देवानं ऐकलं आणि आपण सगळ्यांनी मान्य केलं. पुढल्या सुगीपर्यंत मग त्यात बदल नाही.

तर मी पुस्तकाबरहुकूम स्वतःला घडवायला घेतलं. कॅम्पातला पहाटेचा बिगूल आमच्या घरापर्यंत ऐकू येतो, त्याच्यावर मी उठायला लागलो. विहिरीवर गार पाण्यानं अंघोळ करायचो आणि दुपारपर्यंत शिंकायचो. पुढाऱ्यानं मोजकं बोलावं असं पुस्तकात होतं. ते काही मला जमेना म्हणून मी हळू बोलायला लागलो, त्यामुळे पहिल्याइतकंच बोलणं दुप्पट वेळ चालायचं. समोरच्याच्या नजरेला नजर भिडवून बोलावं असंही होतं. मी बाळाकाकीपासून सुरुवात केली. तिनं जरा वेळ बघून घेतलं आणि विचारलं, "डोळ्यात काय गेलंय का रं? ये हिकडं, फुकते."

शिट्टीची गोष्ट निराळी. एकदा वाजली की उठायचं, लांब वाजली की जेवायला यायचं, तुटक वाजली की शेताकडे निघायचं, असं मी ठरवून दिलं. बैलांना ती लगेच कळली. माणसांना कळत नाही असं मी समजत होतो. त्यांना पहिल्या दिवशीच कळली होती, म्हणून तर ती यायची नाहीत.

ती शिट्टी सगळ्यात जास्त कुणाला लागली हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढे सगळं तिनंच सांगितलं. मालुवैनी, म्हणजे भावकूअण्णाची बायको, या घरात आल्यापासून रोजची चूल तीच पेटवायची. आप्पा सकाळी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर येऊन खाकरायचे आणि विचारायचे, "मालू, इस्तू पेटला का गं?" ती आतून म्हणायची, "व्हय आप्पा, पेटला." धूर तर अंगणात दिसत असायचा, विचारायची काहीएक गरज नव्हती. म्हाताऱ्याचा चाळा म्हणून मी कधी लक्ष दिलं नाही. पण वैनीचा दिवस त्या विचारण्यानं सुरू व्हायचा. आपल्याला विचारल्याशिवाय या घरात तांबडं फुटत नाही, एवढं तिला पुरत होतं. आप्पांची जीभ गेली आणि त्याच दारात येऊन मी शिट्टी फुंकली.

"जनावराला सुदीक ह्या घरात नावानं हाक मारत्यात," असं ती माझ्या बायकोला म्हणाली. जयानं ते माझ्या कानावर घातलं नाही. तिचंही स्वतःचं एक राजकारण होतं. कॅम्पात खोली घ्यावी, तिथं नळ आहे, रस्त्यावर दिवे आहेत, असं ती लग्नापासून माझ्या मागे होती. माझा कारभार फिसकटला तर खोली लवकर मिळेल असा तिचा साधा विचार होता.

तरी गाऱ्हाण्याची तालीम मी तिच्यापुढेच केली. आप्पांचं गाऱ्हाणं म्हणजे तुटकी, घरगुती वाक्यं. माझं शुद्ध मराठीत होतं, पाठ केलेलं होतं, आणि त्यातलं एकेक वाक्य ओसरीच्या या टोकाला सुरू होऊन त्या टोकाला संपत होतं. जया भाकरी थापता थापता 'व्हय' म्हणायची वाट बघत होती. तोंड उघडायची, मिटायची. शेवटी म्हणाली, "मदी जरा थांबा की. मानसांनी व्हय कवा म्हणायचं?"

मी तिला सांगितलं की थांबायची जागा ठरलेली आहे. पुस्तकात स्पष्ट होतं. सगळ्यात वजनदार शब्द यायच्या आधी थांबावं, समोरच्या प्रत्येकावरून नजर फिरवावी, आणि मग तो शब्द टाकावा. जयानं तव्यावरची भाकरी उलटली.

भात खळ्यावरून घरात आलं आणि ठरल्या सकाळी आम्ही भरमदेवापुढे जमलो. आप्पांना घरी सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, त्यांच्या घोंगड्यावर बसवून ठेवलं होतं. त्यांची उजवी बाजू हलत नव्हती आणि श्रावणापासून तोंडातून शब्द फुटला नव्हता. त्यांच्या जागी सांबऱ्याहून मष्णूकाका आले होते. ते आप्पांचे चुलतभाऊ, आणि देवाच्या रीतीभातीत त्यांचा शब्द शेवटचा. पुरुष पुढे, बायका मागे, आणि नारळ भावकूअण्णाच्या हातात.

अण्णानं त्या सकाळी मनाशी एक गोष्ट पक्की केली होती, हे त्यानं मला पुढे सांगितलं. नारळ फोडायचा, कारण तो देवाचा. पण परशाच्या गाऱ्हाण्याला व्हय म्हणायचं नाही. बापानं आपल्याला डावलून पुतण्याला पुढे केलं, ते त्यानं वर्षभर गिळलं होतं. ओठ घट्ट मिटून तो माझ्या शेजारी उभा होता.

मी सुरू केलं. "हे दयाघन परमेश्वरा, आपल्या कृपाछत्राखाली पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदत आलेले हे आमचे कुटुंब यंदाही धनधान्याने समृद्ध होऊन, तसेच वडीलधाऱ्यांच्या प्रकृतीस उतार पडून," असं ते चाललं. भरमदेवाला दयाघन म्हणून आजवर कुणी हाक मारली नसावी. माणसं श्वास भरून तयार होती आणि मी सोडायला जागा देत नव्हतो. मष्णूकाकांचं तोंड अर्धं उघडून राहिलेलं मला दिसलं. ते माझ्या भाषेनं भारावले आहेत असं मी समजलो.

मग ती जागा आली. मी म्हटलं, "आणि आमच्या या एकत्र घराची चूल वेगळी व्हावी," आणि थांबलो. 'असा विचार कोणाच्याही मनात कदापि न येवो' हे माझे पुढचे शब्द होते. सगळं वजन त्यांच्यात होतं. मी सावकाश नजर फिरवायला लागलो.

"व्हय म्हाराजा."

कोंडून धरलेला सगळा श्वास त्यात बाहेर पडला. एवढा मोठा व्हय त्या देवळानं आप्पांच्या काळातही ऐकला नसेल. त्यात सगळ्यात मोठा आवाज भावकूअण्णाचा होता. गप्प राहायचं त्यानं ठरवलं होतं, पण गाऱ्हाणं थांबलं की म्हणायचं, ही लहानपणापासूनची तोंडाची सवय. ती त्याला आवरली नाही, आणि एवढं लांबलेलं गाऱ्हाणं आता संपलंच असं धरून तोंडाच्या मागोमाग हाताचीही आवरली नाही. नारळ दगडावर फुटला.

"असा विचार कोणाच्याही मनात कदापि न येवो," मी म्हणालो. नारळाचं पाणी माझ्या पायांवर उडालं होतं. कुणीच व्हय म्हटलं नाही. नारळ फुटल्यावर बोललेलं गाऱ्हाण्यात धरत नाहीत, हे तिथल्या पोराटोरांनाही माहीत होतं. मागे बायकांमध्ये मालुवैनीनं पदर खोचला आणि सगळ्यांच्या आधी घराकडे चालू लागली.

आम्ही पोचलो तेव्हा परसात तीन दगड मांडलेले होते. भिंतीच्या आडोशाला, वारा लागणार नाही असे. वैनी पाण्यानं ते दगड धूत होती. तिच्या तोंडावर राग दिसेल अशी माझी अपेक्षा होती, पण ती रडून आलेली होती.

"हे काय, वैनी?" मी विचारलं.

"मागितलं तुमी, भावजी," ती म्हणाली. "आमी निस्तं व्हय म्हणलं."

मी समजूत घालायला गेलो ते व्याकरण घेऊन. मराठीत क्रियापद शेवटी येतं, नकार त्याच्याही जवळ असतो, वाक्य पुरं होईपर्यंत त्याचा अर्थ धरायचा नसतो, असं मी मष्णूकाकांना सविस्तर सांगितलं. काकांनी तपकिरीची चिमूट ओढली. मग म्हणाले, "सुगीचं दिस. गावोगावची गाऱ्हाणी त्येच्याकडं. तुझं वाक्य सरंस्तवर द्येव कशाला थांबतोय?"

काकांना घर फुटायला हवं होतं असं नाही. पण देवापुढे झालेलं मोडलं की पुढे सगळंच मोडतं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते त्यावरून हलेनात. मी अण्णाकडे वळलो. तो परसाच्या पायरीवर बसून त्या दगडांकडे बघत होता. मी म्हटलं, तू तरी वैनीला सांग.

"काय सांगू?" अण्णा म्हणाला. "नारळ म्या फोडला न्हवं?" मग त्यानं विचारलं, "परशा, आप्पांची पेज कुठल्या चुलीवर शिजायची?"

सोप्यात बसलेल्या म्हाताऱ्याला चूल वाटून देता येत नव्हती. वर्षभर माझ्यावर रागावलेल्या अण्णाच्या मनातही घर मोडायचं आलेलं नव्हतं, हे मला तिथं दिसलं. मला वाटत होतं, घराचा दुस्वास तो करत असेल आणि घर मी सांभाळत असेन. प्रत्यक्षात सकाळपासून घराला धक्का लावला होता तो फक्त मी.

सगळ्यात नवल जयाचं. जिला कॅम्पातली खोली हवी होती, ती परसातल्या दगडांपाशी बसून डोळे पुसत होती. मी म्हटलं, तुला तर बरंच झालं. ती उसळली नाही, नीट उत्तर दिलं. "खोलीत ऱ्हायचं ते सणाला हिकडं याया घर असतं म्हणून. घरच फुटल्यावर खोली घिऊन काय करू?" मग ती उठून मालुवैनीच्या शेजारी गेली आणि तिच्या हातातला तांब्या घेतला. वैनीनं तो दिला. दोघी मिळून वेगळं व्हायची तयारी करायला लागल्या.

मी बैलांच्या गोठ्यात जाऊन बसलो. बाळाकाकी मागून आली आणि वैरणीचा भारा सोडायला लागली. काकीला माझ्याशी काही बोलायचं असलं की तिच्या हातात नेहमी काम असायचं. मी तिला म्हणालो, "काकी, आप्पांनी माणूस चुकीचा निवडला."

"न्हाय, बरूबर निवडला," काकी म्हणाली. "तुला काय वाटलं, तू शाना म्हणून निवडला?"

खरं म्हणजे मला तसंच वाटलं होतं.

"भावकू रुसला तरी ह्याच घरात रुसून बसनार. तेला जायाला जागा कुठं हाय?" ती बैलापुढे वैरण टाकत म्हणाली. "तू रुसलास की कॅम्पात खोली घेनार. मंग तुला बांदून ठेवाया गाऱ्हाणं तुझ्या गळ्यात घातलं. त्यांनीच सांगिटलं मला, आन भावकूला बी सांगीन म्हणलेते. सांगायच्या आदी जीभ गेली."

पुस्तकात अशा प्रसंगासाठी काही नव्हतं, घोड्यांबद्दलसुद्धा. ज्याला मी गुणांची पारख समजत होतो ते दावं निघालं. मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ आणखी काहीतरी आलं, ते मी शिंकेवर ढकललं. आप्पांना मी घरात हवा होतो. हुशार म्हणून नाही, नुसता हवा होतो. एवढी मोठी गोष्ट कुणी मला आजवर सांगितली नव्हती.

काकी म्हणाली, "द्येवाचं जेवढं झालं तेवढं झालं. पण चुलीला बी आमी हळदकुंकू वाहतोय, ती काय कमी न्हाय. दिवे लागायच्या वक्ताला चुलीम्होरं गाऱ्हाणं घाल." मष्णूकाकांना विचारून आली ती, आणि काकांनी चुलीच्या बाबतीत रीतीची काही आडकाठी नाही असं कबूल केलं. जाता जाता मला तिनं एकच बजावलं. "तोंडातनं 'न्हाय' काडू नगंस. एक बी न्हाय नगं. काय पायजे तेवढंच बोल, आन बोलून झालं की थांब."

त्या दुपारी मी माझ्या मॅट्रिकच्या मराठीतून 'न' वजा करत बसलो. भांडण होऊ नये, चूल फुटू नये, मन दुखू नये, यातलं काहीच उरेना. काय नको ते मला लांबलचक सांगता येत होतं. काय हवं ते सांगायला गेलो की वाक्य भाकरीच्या तुकड्याएवढं व्हायचं. आप्पा रोज सकाळी वैनीला काय विचारायचे आणि त्याच दारात मी काय फुंकलं, ते तिथं बसून आठवलं.

दिवेलागणीला सगळे स्वयंपाकघरात जमले. बायका आत, पुरुष दारात, कारण आत एवढी जागाच नव्हती. सोप्याचं दार उघडं होतं आणि तिथून आप्पांचा डावा गुडघा तेवढा दिसत होता. काकीनं चुलीला हळदकुंकू लावलं. मालुवैनी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मी हात जोडले. "चुलीमाय म्हाराजा, घरातली ल्हानथोर तुझ्याम्होरं आल्यात," म्हणालो आणि थांबलो.

कुणी काही म्हणेना. सकाळच्या प्रकारानंतर व्हय म्हणायची सगळ्यांनाच भीती बसली होती. याच्यापुढे काय येतंय कुणास ठाऊक, असं प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. मी थांबून राहिलो. न बोलता उभं राहणं मला जन्मात जमलं नव्हतं, ते तिथं भीतीनं जमलं. शेवटी बाळाकाकी एकटीच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

"सकाळी परशानं अर्धंच मागितलं. ती चूक परशाची."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. फारच मोकळ्या मनानं म्हणाले. मष्णूकाकांचाही आवाज त्यात होता.

"आप्पांनी भावकूअण्णाला एक सांगायचं ऱ्हायलंय. ते आज काकी सांगंल."

अण्णानं आईकडे बघितलं. काकीनं मान हलवली. "व्हय म्हाराजा," तो म्हणाला, आणि या वेळी ती नुसती तोंडाची सवय नव्हती.

"ह्या घरातला दिस मालुवैनीच्या इस्तवानं उगवतोय. तिला इचारून उगवू दे."

व्हय उमटला, पण मी वैनीकडे बघत होतो. ती भिंतीकडून वळली. आप्पांचं ते खाकरणं, ते विचारणं मला ठाऊक होतं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि त्याचं मोल मलाही त्या दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली. नजरेला नजर भिडवायची ती वेळ होती, पण मलाच ती पेलली नाही. मी चुलीकडे बघितलं.

"ही चूल एक ऱ्हाऊ दे," मी म्हणालो आणि थांबलो.

सगळे वैनीसाठी थांबले. तिनं व्हय म्हटल्याशिवाय बाकीच्यांच्या व्हयला अर्थ नव्हता. चुलीत एक लाकूड खाली सरकलं. तिनं ते फुंकणीनं आत लोटलं, मग सरळ उभी राहिली आणि चुलीला हात जोडले. आमच्या घराण्यात बाईनं गाऱ्हाण्यात आपलं वाक्य घातल्याचं मी ऐकलेलं नाही. तिनं घातलं.

"आन ती शिट्टी चुलीत जाऊ दे," मालुवैनी म्हणाली.

तेवढ्यात सोप्यातून आवाज आला. जड, ओला, अर्धा घशात अडकलेला, पण शब्द ओळखू आले.

"व्हय म्हाराजा."

श्रावणापासून त्या तोंडातून निघालेले ते पहिले शब्द. जन्मभर गाऱ्हाणं घालत आलेला माणूस पहिल्यांदा मागून व्हय म्हणाला होता, आणि तो माझ्या शिट्टीच्या विरोधात म्हणाला होता. बाळाकाकीनं पदर तोंडात धरला. वैनी तशीच धावत सोप्यात गेली, आणि मागाहून सगळ्यांनी मिळून केलेला व्हय एवढा मोठा झाला की गोठ्यात बैल उठून उभे राहिले. माझ्या कारभारात एकमतानं झालेला हा पहिला ठराव. मलाही व्हय म्हणावं लागलं. रडत होतो म्हणून ते नीट ऐकू गेलं नाही, एवढंच.

मी शिट्टी चुलीत टाकली. पितळ कुठलं जळतंय. आतला लाकडी मणी तेवढा जळाला, आणि डाख वितळून तोंड फाकलं. सकाळी वैनीनं राखेतून ती चिमट्यानं काढली आणि कोनाड्यात ठेवली. ती अजून घरात आहे. कितीही फुंकली तरी तिच्यातून नुसता श्वास येतो.

पण ते दुसऱ्या दिवसाचं. त्या संध्याकाळी आप्पांना पेज भरवून झाली, अण्णाला घेऊन काकी सोप्यात बसली आणि दोघांचं बोलणं हळू आवाजात चालू झालं, तेव्हा मी परसात गेलो. दगड तिथंच होते, धुऊन स्वच्छ केलेले. मी एक उचलून बांधाकडे नेऊन टाकला. दुसरा उचलायला गेलो तर तो जागचा हलेना. वैनीनं एकटीनं तो कसा आणला असेल कुणास ठाऊक. मी दोन्ही हात लावले, कंबर धरली, पुन्हा वाकलो. हाताखाली कुणी नव्हतं आणि बोलवायला शिट्टी नव्हती.

मागे पायरीवर पाऊल वाजलं. "सर मागं," अण्णा म्हणाला, आणि दगडाची दुसरी बाजू त्यानं धरली.